उशिरा आलेल्यांचा जॉबर

जॉबरसमोर ‘सरासरी’ हा शब्द काढायची सोय नव्हती. ऑफिसात नवीन आलेला कुणी मोठ्या उत्साहानं सांगायचा, “सरासरी चार मिलिसेकंदांत काम होतंय,” की हा माणूस चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचा, “सरासरी मला सांगू नकोस. सगळ्यात उशिरा कोण आलं त्याचं नाव सांग.” मग तो बिचारा हजारभर ओळींच्या यादीत सगळ्यात मोठा आकडा शोधत बसायचा. आकडा सापडला की जॉबरचा दुसरा प्रश्न ठरलेला, “का थांबलं ते?” एखाद्या आकड्याबद्दल तो असं विचारायचा, जसं घरी न पोचलेल्या माणसाबद्दल विचारतात. बाकीचे नऊशे नव्व्याण्णव वेळेवर आले याचं त्याला काडीचं कौतुक नसायचं.

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते फक्त हजेरीपटालाच माहीत होतं. इचलकरंजीचा माणूस. वडील यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होते. जॉबर म्हणजे माग विणणारा नव्हे, बिघडलेला माग दुरुस्त करणारा. मुलगा शिकला, इंजिनीअर झाला, पुण्यात आठ वर्षं मोठ्या कंपनीत काम करून परत आला आणि आमच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, “माग चालवणारे तुम्ही, मी जॉबर. बिघडला की हाक मारायची. कुणी बिघडवला ते मी इचारत न्हाय.” मी त्याला सर म्हणायला गेले, तर म्हणाला, “सर शाळेत असत्यात.” तो आमच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, पण त्या दिवसापासून सगळेच त्याला तोंडावर जॉबर म्हणायला लागले आणि त्याला ते मनापासून आवडायचं.

‘कुणी बिघडवला ते इचारत न्हाय’ यामागं काय होतं ते त्यानं एकदाच सांगितलं, तेही चहा पिता पिता. “पुण्यात एका पोराची चूक मी सगळ्यांदेखत दाखवलो. बारीक चूक होती. मी बरोबरच होतो की. पण त्या पोरानं परत स्वतःच्या डोक्यानं एक ओळ लिहिली न्हाय. सगळं मला इचारून लिहायचं. हुशार होतं लई.” एवढं बोलून त्यानं कप खाली ठेवला आणि विषय बदलला. त्या पोराबद्दल त्याच्या मनात काहीतरी कायमचं रुतून बसलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्याची दुसरी खोड म्हणजे माणसाला गावाच्या नावानं हाक मारायची. मी गारगोटीची, म्हणून मी ‘गारगोटी’. टेस्टिंग करणारा संजू कुरुंदवाडचा, म्हणून तो ‘कुरुंदवाड’. “कुरुंदवाड, गारगोटीला जरा ती केबल दे,” असं तो ओरडला की बाहेरून आलेल्या माणसाला हे एसटीचं चौकशी कार्यालय आहे की काय असं वाटायचं. आमचे साहेब, म्हणजे ऑफिसचे मालक, मूळचे पुण्याचे. ते पंधरा वर्षं कोल्हापुरात राहून, घाम पुसत तांबडा-पांढरा रस्सा ओरपून, इथंच घर बांधूनही जॉबरच्या लेखी शेवटपर्यंत ‘पावणं’च राहिले.

ऑफिस होतं उद्यमनगरात, एका वर्कशॉपच्या माडीवर. खाली दिवसभर लेथ चालायचे आणि वर आमच्या टेबलावरचं पाणी थरथरायचं. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही नऊ माणसं तिथं बसून काय करायचो हे घरच्यांना समजावताना नाकी नऊ यायचे, पण थोडक्यात सांगायचं तर असं. मोठ्या कंपन्यांत कॉम्प्युटर एका खोलीत आणि त्याच्या सगळ्या डिस्क दुसऱ्या खोलीत, कपाटात रचून ठेवलेल्या असतात. मधे केबल. कॉम्प्युटरमधलं एक कार्ड त्या केबलवरून कपाटाकडं मागणी पाठवतं आणि माहिती आणून देतं. त्या कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. कार्ड पुण्याची एक कंपनी बनवायची आणि ड्रायव्हर आम्ही लिहायचो.

त्यातला एक तुकडा माझा होता, आणि मला त्याचा भलताच अभिमान होता. डिस्ककडून एक काम पुरं होऊन आलं की कार्ड मुख्य प्रोसेसरला हाक मारायचं, ‘आलं, घ्या.’ कामं सेकंदाला हजारोंनी यायची. प्रत्येक कामाला एक हाक म्हटलं की प्रोसेसर हातातलं टाकून सारखा उठतोय. म्हणून मी अट घातली. आठ कामं गोळा होऊ देत, मग आठांची मिळून एकच हाक. प्रोसेसरचा जीव भांड्यात पडला. पुण्याहून शाबासकीची मेल आली. जॉबरनंही माझं लिहिलेलं वरवर चाळलं आणि “ब्येस!” म्हणाला. त्या ‘ब्येस’वर मी पुढचे सहा महिने काढले.

जॉबर पुण्याची नोकरी सोडून का आला, याच्या ऑफिसात चार-पाच कहाण्या होत्या. खरी मला इचलकरंजीत त्याच्या घरी गेल्यावर कळली. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढून वडील ठार बहिरे झाले होते. आई गेली होती, धाकटी बहीण लग्न होऊन जयसिंगपूरला. वडील इचलकरंजी सोडायला तयार नव्हते. “पुण्यात मी बोलू कुणाशी?” असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. शेडमध्ये आवाजामुळं बोलणं ऐकूच येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांच्या खुणांनी बोलतात. बापलेक घरातही तसेच बोलायचे. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली दोघं समोरासमोर बसून बोटं नाचवत काहीतरी थट्टा करायचे आणि एकदम हसायचे. जेवण, औषध, ‘सूत तुटलं’, ‘मालक आला’, सगळ्याला खूण. त्यातली एक मला पाठ झाली. उघडा तळवा छातीशी धरून हळूच खाली न्यायचा. म्हणजे थांब, घाई नको.

जॉबर रोज साडेपाचला टेबल आवरून इचलकरंजीची एसटी गाठायचा, कारण म्हातारा उंबऱ्यावर बसून राहायचा. त्याच्याजोगं काम सगळ्या जिल्ह्यात आमच्या त्या एका माडीवरच होतं. ती बंद पडली असती तर त्याला काम तरी सोडावं लागलं असतं, नाहीतर बाप तरी.

आणि ती बंद पडायची वेळ आली. एके सकाळी पुण्याहून फोन आला. कार्ड घेतलेल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची तक्रार होती. कामाची गर्दी असली की सगळं सुरळीत चालतं, पण गर्दी ओसरली, दोन-चारच माणसं कामाला उरली, की प्रत्येक गोष्ट अडकून अडकून होते. म्हणजे ओझं असताना धावतंय आणि मोकळं असताना लंगडतंय. कुणाचाच विश्वास बसेना. पण पुण्याच्या कंपनीनं पंधरा दिवसांची मुदत दिली. नाहीतर काम काढून बंगळूरला देणार. साहेबांनी आम्हाला बोलावून स्पष्ट सांगितलं, “हे काम गेलं तर मला ऑफिस चालवता येणार नाही.” आम्ही सातआठ जण मनातल्या मनात पुण्याच्या बॅगा भरायला लागलो. जॉबर खिडकीतून खालच्या लेथकडं बघत उभा होता.

मग जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवू लागला. कुरुंदवाड म्हणाला केबल खराब. कुणी म्हणालं डिस्कच्या कपाटाचा दोष, कुणी लोडशेडिंगला शिव्या घातल्या. जॉबरनं कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली आणि पट्टीनं रकाने आखले. नंबर, किती उशीर, का थांबलं. आम्ही सगळे कार्डावर जास्तीत जास्त ओझं टाकून बघत होतो. तो म्हणाला, “हळू चालवा. ते हळू असतानाच दुखतंय म्हणतंय, तर पळवता कशाला?” मग तीन दिवस तो एकेक, दोन-दोन मागण्या सोडत बसला आणि उशिरा आलेल्या प्रत्येकीचा नंबर हातानं वहीत लिहीत गेला. तिसऱ्या दिवशी चष्मा वर करून म्हणाला, “उशीर होतोय, पण उशिराला शिस्त हाय. अर्ध्या सेकंदाच्या पुढं एक बी जात न्हाय. बिघडलेलं यंत्र कसं बी वागतंय. हे शिस्तीत थांबतंय. म्हंजे कुणीतरी थांबवून ठेवलंय, आणि कुणीतरी अर्ध्या सेकंदानं येऊन सोडवतंय.”

आम्ही माना डोलावल्या आणि परत केबल बदलायला लागलो.

त्यानंतर एक-दोन दिवसांनी तो गप्पच झाला. वही बंद. मला वाटलं, हात टेकले यानं. त्यातून मला काहीबाही विचारायला लागला. “गारगोटी, तुमच्याकडनं वडाप कधी सुटतंय?” वडाप म्हणजे आमच्या भागातली माणसं कोंबून नेणारी जीप.

“भरल्यावर,” मी म्हणाले. यात विचारण्यासारखं काय होतं?

“आणि न्हाय भरलं तर?”

“भरतंय की. न भरून जातंय कुठं!”

त्यानं सुस्कारा सोडला. दुसऱ्या दिवशी परत, “सकाळी गर्दीच्या वक्ताला किती थांबावं लागतंय?” “काय न्हाय, बसलं की सुटलं.” “आणि दुपारचं?” माझं टाळकं सटकलं. इथं ऑफिस बुडायला आलंय आणि हा माणूस वडापच्या वेळा विचारतोय. मी फटकन म्हणाले, “जॉबर, मी काम करू का वडापच्या गप्पा मारू?” तो हसला आणि तळवा छातीशी धरून हळूच खाली नेला.

अकराव्या दिवशी त्यानं कमाल केली. म्हणाला, “गारगोटी, आज संध्याकाळी घरी जा. आईला भेट. उद्या दुपारपर्यंत ये.”

“चार दिवस राहिलेत की! आणि मी घरी जाऊ?”

“जा म्हटलं की. आणि येताना एसटीनं येऊ नकोस. वडापनं ये.”

मी पिशवी उचलली. आता हिचा उपयोग नाही, निदान आईला तरी भेटू दे, असा त्याचा हिशेब असणार, हे मी ठरवूनच टाकलं. एसटीत बसल्यावर मला रडू आलं. आईला वाटलं नोकरी गेली. मी सांगितलं, अजून नाही, शनिवारी जाईल.

सकाळी सव्वानऊला मी गारगोटीच्या स्टँडबाहेर वडापमध्ये जाऊन बसले. बाजाराचा दिवस नव्हता. आत आम्ही तिघंच. मी, एक पेंगणारा पावणा आणि मांडीवर चारपुड्याचा डबा धरलेली एक आज्जी. तिची लेक बाळंत होऊन कोल्हापुरात दवाखान्यात होती. वडापवाला बाहेर उभा राहून ‘कोलापूर, कोलापूर’ ओरडत होता. अर्धा तास गेला. तास झाला. आज्जी म्हणाली, “बाबा, काढ की गाडी.”

“अजून पाच सीटं येऊ देत आज्जी, लगीच सुटतोय.”

“तुझी पाच सीटं येस्तवर माझ्या लेकीचं जेवाण आंबल की रे! आमी तिगं बसलोय ती मानसं न्हवं व्हय?”

वडापवाला हसला, पण जागचा हलला नाही. शेवटी फेरीवरचा हवालदार आला. त्यानं बॉनेटवर काठी आपटली, “ए, काढ रे गाडी, किती वेळ लावलीयास?” आणि आमची तिघांची गाडी सुटली.

स्टँडच्या वळणावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आठ गोळा झाल्याशिवाय हाक नाही, ही अट माझी. गर्दी असली की डोळ्याची पापणी लवायच्या आत आठ भरायचे, म्हणून आमच्या एकाही टेस्टमध्ये काही दिसलं नाही. पण काम कमी असलं की? तिघं आत बसून राहायचे, उरलेल्या पाचांची वाट बघत. आणि आमच्या ड्रायव्हरमध्ये एक राखणदार प्रोग्रॅम होता. तो दर अर्ध्या सेकंदाला फेरी मारून काही अडकलंय का बघायचा. तोच तो हवालदार! मी एवढ्यानं “आईशपत!” म्हणून ओरडले की आज्जीच्या हातातला डबा निसटता निसटता राहिला. आम्हा गारगोटीच्या माणसांचं हे असं. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की त्यात आत बसलेल्याचं काय होतं हा प्रश्नच मला लिहिताना पडला नव्हता.

दीड वाजता मी धापा टाकत माडी चढले. आमच्याकडं मुलीही ‘आलो, गेलो’च म्हणतात. तशीच दारातूनच ओरडले, “जॉबर, मीच चुकलो! मी वडाप लावून ठेवलोय!”

सगळं ऑफिस माझ्याकडं बघायला लागलं. जॉबरनं चष्मा कपाळावर चढवला, क्षणभर डोळे मिटले, आणि म्हणाला, “बस. पाणी पी. मंग सुधार.”

सुधारायला दुपार पुरली. आठ भरले तर उत्तम, नाही भरले तरी मिलिसेकंदाचा बारीकसा तुकडा उलटला की हाक मारायचीच, आणि एकटंच कुणी असलं तर अजिबात थांबवायचं नाही. चालवून बघितलं, हळू. जॉबरनं विचारलं, “सगळ्यात उशिरा कोण?” मी नंबर सांगितला. नऊ मिलिसेकंद. “का थांबलं?” मी म्हणाले, “डिस्क फिरून जाग्यावर यायची होती.” तो म्हणाला, “फिरू दे. तेवढा तिचा हक्क हाय.” आणि साडेपाचच्या एसटीला गेला.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या फोनवर त्यांनी विचारलं, चूक कुणाची. मी तोंड उघडणार तोच जॉबरचा तळवा छातीवरून खाली आला. फोनमध्ये तो म्हणाला, “चूक आमच्या शेडमधली. दुरुस्त झाली.” बास, विषय संपला. काम राहिलं, ऑफिस राहिलं. त्या माडीवर आणखी पाच वर्षं आम्ही लेथच्या तालावर काम केलं. मी त्यानंतर कितीतरी धाडसाचं लिहिलं, काही चुकलं, बरंच जमलं. जॉबरचे वडील त्याच घरात, मुलाच्या हातात हात देऊन गेले. शेवटच्या दिवशी ते बोटांनी काहीतरी सांगत होते आणि जॉबर हसत होता, असं त्याची बहीण सांगते.

पुढं लग्न होऊन मी पुण्याला आले. निघताना मी पाया पडायला वाकले तर म्हणाला, “इथं न्हाय, शाळेत सर असत्यात तिथं वाक.” मग माझ्या नवऱ्याला बजावलं, “पावणं, हिला कधी उशीर झाला तर आधी ‘का’ इचारा. मंग काय ते बोला.” ऑफिस कालांतरानं बंद झालं, जॉबर इचलकरंजीतच पोरांना शिकवायला लागला. वर्षातून दोन फोन, पुढं एक. भेटायला जायचं, जायचं म्हणत राहिले. तो गेल्याची बातमी मला बारा दिवसांनी कळली.

मी इचलकरंजीला पोचले तेव्हा सगळं उरकून घर रिकामं झालं होतं. बहीण एकटी आवराआवर करत होती. तसबिरींशेजारी आता जॉबरचा फोटो होता, चष्मा कपाळावर चढवलेला. दुसरा फोटोच सापडला नाही म्हणाली. तिनं वह्यांचा एक गठ्ठा पुढं केला. “दादाच्या कामाच्या हायत. तुमच्या उपयोगाच्या असल्या तर बघा.” मी ती दोनशे पानी ओळखली आणि उंबऱ्यावर बसून उघडली, जिथं म्हातारा बसायचा तिथंच.

रकाने, नंबर, उशीर. पहिल्या चार दिवसांची पानं गच्च भरलेली. पाचव्या दिवशी मात्र नंबर नव्हते. फक्त लिहिलं होतं, ‘कारण सापडलं. आठाची अट. मी तपासताना नीट वाचलो न्हाय. गारगोटीची हाय, तिला सापडू दे. चौदाव्या दिवसापर्यंत थांबतो, मंग मी करतो.’

मी ते तीनदा वाचलं. पाचव्याच दिवशी त्याला सगळं माहीत होतं. एक ओळ बदलून त्याच संध्याकाळी तो मोकळा झाला असता. पण उंबऱ्यावर बाप बसलेला असताना, स्वतःचं काम, घर, सगळं टांगणीला लावून हा माणूस माझ्यासाठी थांबला होता. ज्याला एक मिलिसेकंद उशीर सहन व्हायचा नाही, तो सात दिवस. मला त्याचा रागही आला आणि मी त्या रिकाम्या घरात मोठ्यानं रडले. बहीण शेजारी येऊन बसली.

पुढच्या पानावर दिवसांचे आकडे आणि समोर एकेकच शब्द. सहावा, ‘थांबतो.’ सातवा, ‘थांबतो.’ आठवा, नववा, दहावा, तेच. अकराव्यासमोर, ‘उद्या वडाप.’ आणि बाराव्यासमोर, ‘गारगोटी आली. दुपारी दीड.’

‘का थांबलं’ हा रकाना त्या ओळीपुढं त्यानं कोरा सोडला होता.